ठिपक्यांची रांगोळी, कागदावर

भिलाईच्या हुडको वसाहतीत पोलाद कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या माणसाला झोप हवी असते, पण डोकं थांबत नाही. अशा वेळी वही-पेन घेऊन नक्षी काढत बसावं. 'झेंटँगल' नावाची अमेरिकी पद्धत हेच शिकवते: छोट्या चौकोनात एकच आकार पुन्हा पुन्हा काढायचा, खोडरबर वापरायचा नाही. मराठी घरांना हे नवं नाही, ठिपक्यांची रांगोळी हेच करते. छत्तीसगडी अंगणात रेखतात तो चौकही याच जातीचा.

सुरुवातीला सात ते चार ठिपके पुरे. मधल्या ओळीत सात, मग वर-खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ओळ अर्धं घर सरकवून, एकूण 37. आता ठिपक्यांना वळसा घालत रेष सावकाश फिरवा. पुढचा ठिपका गाठताना लक्ष तिथेच लागतं, चिंतेचा धागा तेवढ्यापुरता तुटतो. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवाच.

2005 मध्ये करी आणि कॅसर या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. मंडल किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणजे आधाराला चौकट लागते, आणि ठिपके ती देतात. गिरिजा कैमल यांच्या 2016 च्या अभ्यासात 45 मिनिटांच्या कलाकामानंतर सुमारे 75 टक्के प्रौढांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घटलं. चित्रकला येण्या-न येण्याने फरक पडला नाही. हे अभ्यास लहान आहेत, आणि नक्षी हा उपचार नव्हे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा.