जुन्या मोटारीतील इंधनपुरवठ्याच्या दोषांचे निदान : प्रीमियर पद्मिनीच्या संदर्भात

प्रास्ताविक :
मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मोटार एकेकाळी महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय जीवनाचा भाग होती. मुंबईची टॅक्सी म्हणून तिचे अस्तित्व वयोमर्यादेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आले. तथापि हौशी मालकांनी काही गाड्या आजही जपल्या आहेत. १०८९ घनसेंटिमीटरच्या या इंजिनाला पेट्रोल मिळते ते यांत्रिक पंप व कार्बोरेटर यांच्याद्वारे. दोष दर्शविणारा दिवा किंवा संगणक तिच्यात नाही. त्यामुळे निदान सर्वस्वी निरीक्षणावर व तर्कावर अवलंबून राहते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा प्रथम कार्बोरेटर उघडला जातो, आणि मूळ दोष अन्यत्रच असतो.

एक लक्षण, तीन कारणे :
उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते व काही अंतरावर पुन्हा थांबते. या तक्रारीची किमान तीन कारणे संभवतात. उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खंडित होतो. टाकीत हवा येण्याचा बारीक मार्ग बुजल्याने आत निर्वात स्थिती निर्माण होते. अथवा तापलेली कॉइल वा कंडेन्सर काम करेनासा होतो. यांपैकी तिसऱ्या कारणाचा इंधनाशी संबंधच नाही. गाडी थंड झाल्यावर तिन्ही दोष दिसेनासे होत असल्याने गॅरेजमध्ये नेऊन केलेली तपासणी बहुधा व्यर्थ ठरते. निदान बंद पडल्या जागीच व्हावयास हवे.

त्याकरिता प्रथम प्लगला ठिणगी मिळते का, हे पाहावे. ही परीक्षा पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वीच उरकणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. त्यानंतर इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढून ॲक्सिलरेटर झटक्याने दाबावा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार उडाली, तर इंधन तेथवर पोहोचले आहे. धार नसेल, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला व थोडा वेळ स्टार्टर फिरवल्यावर इंजिन चालू झाले, तर हवेचा मार्ग बुजलेला समजावा. झाकण उघडूनही फरक पडला नाही, पण पंपावर ओले फडके ठेवल्यावर पुरवठा सुरू झाला, तर वाफ अडकली होती असे मानता येते.

पंप व नळ्या :
कॉइलची तार सोडवून, कार्बोरेटरकडील नळी बाटलीत धरून स्टार्टर फिरवला असता पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरदार यावयास हवे. त्यात सतत बुडबुडे दिसल्यास टाकी ते पंप या भागात नळी तडकलेली असण्याची शक्यता अधिक. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी : या भागात पंप पेट्रोल ओढत असल्याने तडीतून थेंब बाहेर न पडता हवा आत जाते. म्हणून गळती नाही, याचा अर्थ नळी निर्दोष आहे असा होत नाही. पंपाचा डायफ्राम फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी वाढलेली आढळल्यास व त्यास पेट्रोलचा वास येत असल्यास गाडी मुळीच चालवू नये.

कार्बोरेटरचे दोष तुलनेने सोपे. वेगात ठीक चालणारे इंजिन थांबल्यावर बंद पडत असेल, तर संथ गतीचा जेट कचऱ्याने बुजला असावा. प्लग काळे व काजळीयुक्त असल्यास आणि पेट्रोल ओसंडत असल्यास निडल व्हॉल्व्ह व फ्लोट तपासावा. छिद्र पडलेला फ्लोट हलविल्यास आत पेट्रोल खळखळते.

इथेनॉलचा प्रश्न :
भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणास सुमारे १३.५ भाग पुरते. जुन्या कार्बोरेटरचे जेट ठरावीक मापाचे असल्याने हे मिश्रण इंजिनास विरळ पडते. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. तथापि बुजलेला जेट किंवा खराब गॅस्केटमधून शिरणारी हवा हेच लक्षण दाखवते. त्यामुळे ती शक्यता निकालात काढल्याखेरीज मोठा जेट बसविणे योग्य नव्हे. जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम इथेनॉलने फुगतात वा ठिसूळ होतात; ते इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारचे घ्यावेत. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीच्या तळातील थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर जमल्यास तो पाणीमिश्रित इथेनॉलचा असतो, आणि अशा वेळी टाकी संपूर्ण रिकामी करूनच पुढील तपासणी हाती घ्यावी.