अप्रकाशित गीते : आकर्षण आणि ध्वनीची गुणवत्ता

वर्ण आणि ध्वनी यांतील भेद आपण मागील घटकात पाहिला. ध्वनिमुद्रण बरे-वाईट असल्याने या भेदाचे काय होते, ते आता पाहू.

आकर्षण कशाचे?

78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेचा राग एवढ्याशा वेळात आटोपावा लागे. म्हणूनच मैफलींच्या खासगी ध्वनिफिती रसिकांनी जपल्या आणि हातोहात पोहोचवल्या. त्यांत खरखर असते, कोणी खोकते. पण गाणे घडताना ऐकू येते. जॉन लेनन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस घरी साध्या कॅसेटवर गायिलेले एक गीत असेच अप्रकाशित राहिले. पियानोचा आवाज कंठावर चढत होता. संगणकाने दोन्ही आवाज वेगळे केल्यावर ते 2023 मध्ये ‘बीटल्स’च्या नावे प्रसिद्ध झाले.

गुणवत्ता घटली की काय हरवते?

‘हे जग मोठे आहे’ यातील ‘ज’ तालव्य आहे. ‘तू सुखाने जग’ यातील ‘ज’ दंततालव्य. लेखन एकच, उच्चार दोन. हा फरक मुख्यतः घर्षणाच्या उच्च कंपनांत असतो. जुन्या दूरध्वनीवर 3400 हर्ट्‌झच्या वरचा भाग जवळजवळ पोहोचतच नसे. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’सुद्धा एकमेकांजवळ येत. कॅसेटच्या प्रत्येक नव्या प्रतीत फितीची सरसर वाढते. मोबाइलवरून गाणे पुढे पाठवताना फाइल लहान केली जाते, तेव्हाही बहुधा हाच भाग आधी कमी होतो. सूर ओळखू येतो, मात्र उच्चाराचा पुरावा पुसट होतो.

आपल्या परिसरात

सिरोंचा येथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि मराठी, तेलुगू, गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. तेलुगूतही ‘च’ व ‘ज’ यांचे असे दुहेरी उच्चार आहेत. लग्नातील वा रेला नृत्यातील गीत गाणाऱ्या आजींचे शब्द देवनागरीत उतरवले, तरी त्यांनी कोणता ‘ज’ उच्चारला हे कागद सांगणार नाही. ते केवळ ध्वनिमुद्रणच सांगू शकेल, आणि तेही स्वच्छ असेल तरच.

म्हणून मुद्रण करताना पंखा बंद ठेवा, फोन मुखापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. शक्य असल्यास सेकंदाला 44,100 नमुने घेणारी, न दाबलेली ‘वेव्ह’ फाइल निवडा; एकेरी वाहिनीत मिनिटाला सुमारे 5 एमबी जागा लागते. मूळ फाइल जपा, प्रतच पाठवा. गाणाऱ्या व्यक्तीची संमती आधी घ्या. गीत पुढे पाठवावे की नाही, हे तिने ठरवायचे.

स्वाध्याय

‘चार’ व ‘चाक’ हे शब्द एकाच व्यक्तीकडून दोनदा मुद्रित करा : एकदा जवळून, एकदा अंगणापलीकडून. कोणत्या मुद्रणात दोन ‘च’ वेगळे ऐकू येतात, ते सकारण लिहा.