१४२ की २८? सोनोग्राफीचा आकडा वाचताना

१४२ मिलिलिटर आणि २८ मिलिलिटर. दोन्ही आकडे माझ्या वडिलांचे, पाच दिवसांच्या अंतराने आलेले. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत मोजतात. साधारण ५० मिलिपर्यंत काळजीचं कारण नसतं. अण्णा ७३ वर्षांचे आहेत आणि प्रोस्टेट वाढलेली आहे हे आम्हाला माहीत होतं. पण १४२ हा आकडा आला आणि घरात ऑपरेशनची भाषा सुरू झाली. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. काउंटरवर सांगितलं होतं, "लघवी लागली की सांगा." आमचा नंबर सतरावा. वेळेवर लागली नाही तर नंबर जाईल, या धास्तीने त्यांनी लिटरच्या दोन बाटल्या संपवल्या आणि दीड तास मांड्या आवळून बसले. आत गेले तेव्हा त्यांना धड उभं राहवत नव्हतं. मूत्राशय असं तट्ट ताणलं गेलं की त्याच्या स्नायूचा जोर कमी पडतो, एका वेळी ते पुरतं रिकामं होत नाही आणि मागे राहिलेली लघवी आजार म्हणून मोजली जाते. पाच दिवसांनी, नेहमीसारखी लघवी लागल्यावर, घाई न करता जाऊन आले तेव्हा २८ आले. डॉक्टरांनीच पुन्हा मोजायला सांगितलं होतं, म्हणून हे कळलं.

या १४२ चं गणितही बघण्यासारखं आहे. मशीनमध्ये लघवी मोजायचं भांडं नसतं. पडद्यावर लांबी, रुंदी आणि उंची मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ०.५२ ने गुणतात. ७ गुणिले ६ गुणिले ६.५ सेंटिमीटर, त्याला ०.५२ ने गुणलं की १४२. आता तिन्ही बाजूंना खूण अर्धा अर्धा सेंटिमीटर आत पडली असं धरा: ६.५ गुणिले ५.५ गुणिले ६. उत्तर ११२ येतं. पेशंट तोच, क्षणही तोच, आणि फरक ३० मिलिचा. प्रोस्टेटचं आकारमानही याच सूत्राने काढतात. तेव्हा मागच्या वर्षी ३८ आणि यंदा ४२ आलं, तर प्रोस्टेट वाढलीच असं म्हणता येत नाही.

मुळात सोनोग्राफी म्हणजे प्रतिध्वनी. आपल्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. अंगावर फिरवतात त्या प्रोबमधून निघणारा आवाज साधारण २० लाख ते दीड कोटी कंपनांचा असतो. शरीरात तो सेकंदाला १,५४० मीटर वेगाने जातो, असं मशीन धरून चालतं. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर १० सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्यातले १३० भाग लागतात. परतायला किती वेळ लागला यावरून खोली ठरते आणि चित्र उमटतं. यात क्ष-किरण नाहीत. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, सोनोग्राफीत शून्य. म्हणूनच गरोदरपणात ती चालते. मात्र आवाजाच्या ऊर्जेने थोडी ऊब तयार होते, म्हणून डॉक्टर गरजेपुरताच वेळ प्रोब ठेवतात. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे ठोके ऐकवायला डॉप्लर लावू नये असं सांगतात, तेही याचसाठी.

तयारीच्या बहुतेक सूचनांमागे एकच आकडा आहे: ९९.९ टक्के. मऊ ऊती आणि हवा यांच्या सीमेवर इतका आवाज मागे परततो, पलीकडे काही दिसत नाही. थंडगार जेल लावतात ते प्रोब आणि कातडीमध्ये हवा राहू नये म्हणून. पोटात गॅस असला की स्वादुपिंड झाकलं जातं आणि रिपोर्टमध्ये 'नीट दिसले नाही' असा शेरा येतो. तो आजार नव्हे, मधे हवा होती इतकंच. पित्ताशय बघायचं असेल तर ६ ते ८ तास उपाशी राहायला सांगतात, कारण खाल्लं की ते आकसतं. दुधाचा चहासुद्धा नको, साधं पाणी चालतं. मधुमेह असलेल्यांनी आदल्या दिवशीच फोन करून सकाळचा पहिला नंबर मागावा आणि गोळी किंवा इन्शुलिनचं डॉक्टरांना विचारून ठेवावं. ओटीपोटासाठी तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पुरतं, कारण भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं. दोन लिटरची गरज नाही, हे अण्णांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

प्रत्येक प्रश्नाला सोनोग्राफी सारखंच उत्तर देत नाही. पित्ताशयातले खडे ती १०० पैकी ९५ हून जास्त वेळा पकडते. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा मात्र जेमतेम निम्म्या वेळा दिसतो, कारण वरून आतड्यांचा पडदा असतो. कंबरेतून कळ येतेय आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आहे, तर कळ खोटी ठरत नाही. सीटी लागेल का, हे विचारायलाच हवं.

गरोदरपणात तारखांवरून सगळ्यात जास्त घालमेल होते. पहिल्या तिमाहीत बाळाच्या डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख ५ ते ७ दिवस इकडेतिकडे असते. शेवटच्या तिमाहीत तीच चूक ३ आठवड्यांवर जाते. म्हणून नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळी तारीख दिसली तरी पहिलीच खरी धरायची. वजनाच्या अंदाजातही साधारण १५ टक्के कमी-जास्त धरतात: ३ किलो लिहिलं असेल तर बाळ अडीचचंही निघू शकतं आणि साडेतीनच्या आसपासही. वेळ चुकवू नयेत अशा दोन तपासण्या आहेत. एक ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची, दुसरी १८ ते २० आठवड्यांची, जिच्यात बाळाचा एकेक अवयव बघतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी सुचवली. दर महिन्याला करण्याची गरज बहुतेकींना नसते.

गरोदर बाईकडून 'फॉर्म एफ' भरून घेतात, ओळखपत्र मागतात, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवून घेतात. कटकट वाटते. पण १९९१ साली महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १,००० मुलांमागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात दहा वर्षांत ८९४ वरून ८०७. याच मशीनवर गर्भाचं लिंग बघून हे घडलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये पहिला कायदा महाराष्ट्राने केला, देशाचा १९९४ मध्ये आला. शब्दाने किंवा खुणेने लिंग सांगणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होते. विचारणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांना कैदेबरोबर ५०,००० रुपयांपर्यंत दंडही आहे. बाईवर मात्र बळजबरी झाली, असंच कायदा आधी मानतो. तो फॉर्म नीट वाचून, स्वतःच्या हाताने सही करावा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा धोका न मागता सापडलेल्या गोष्टींचा. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोग तपासणीची मोहीम सुरू झाली आणि थोडे पैसे भरून लोक मानेचीही सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण जवळपास होतं तिथेच राहिलं. म्हणजे जे सापडले त्यातले बहुतेक कधीच त्रास देणारे नव्हते. तरी बहुतेकांची शस्त्रक्रिया झाली आणि शंभरातल्या ११ जणांच्या शरीरात कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या. आपल्याकडे 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये सोनोग्राफी सर्रास घातलेली असते. काही त्रास नसताना ती करायची असेल, तर सापडलेल्या गोष्टीचं पुढे काय करणार, हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

अण्णांच्या त्याच रिपोर्टमध्ये खाली आणखी एक ओळ होती: डाव्या मूत्रपिंडात २.१ सेंटिमीटरची साधी सिस्ट. १४२ चा प्रश्न सुटल्यावर आईने त्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट आहे का विचारलं. आई कपाटातली प्लास्टिकची पिशवी घेऊनच आली होती. तिच्यात २०१९ चा कागद निघाला, घडीवर फाटलेला. त्यावर त्याच जागी २.० लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आईला दाखवले आणि पिशवीत परत घातले.