संगणकातील नोंदी परत कशा आणाव्यात

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब युरोपात पाठवावयाचे झाल्यास बागेची 'अनारनेट'वर नोंदणी करून फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. या नोंदी संगणकात असल्यास त्यांची राखीव प्रत बाह्य डिस्कवर असावी.

संगणक बिघडल्यास तो प्रथम दुरुस्त व विषाणूमुक्त करावा. मगच डिस्क जोडावी. विंडोजच्या 'फाइल हिस्टरी'ने प्रती घेतल्या असल्यास तीत हव्या त्या तारखेची प्रत निवडावी. ती मूळ जागी न उतरविता वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावी व आकडे, तारखा पडताळाव्यात. या सोयीने फाइली परत मिळतात, प्रोग्रॅम मिळत नाहीत. ते पुन्हा बसवावे लागतात. मराठी कळफलक, प्रिंटर यांच्या सेटिंगची टिपणे कागदावर ठेवावीत.

पेरणीपूर्वी शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवण पाहतात. त्याचप्रमाणे प्रत्येक हंगामापूर्वी एखादी फाइल परत आणून पाहावी.