शस्त्रक्रियेआधी लोहाचा हिशेब

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत आमच्या वर्गातील एक मैत्रीण आमच्यापाशी येऊन बसली. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, पैशांची जुळवाजुळव झाली होती, आणि ऐनवेळी डॉक्टरांनी ती पुढे ढकलली. कारण अंगात लोह कमी. "शंभर किलोच्या बाईला रक्त कमी कसे गं?" असे तिने विचारले, आणि त्या प्रश्नात रागापेक्षा संकोच अधिक होता. आम्ही काही जणी रुग्णसेवेत आयुष्य घालविलेल्या आहोत. त्या दिवशी तिला अर्धवट दिलेले उत्तर या स्मरणिकेत पुरे करीत आहोत.

शरीर भरलेले असले म्हणजे रक्तही भरलेले असते, हा आपला जुना समज आहे. तो खरा नाही. अतिरिक्त चरबीमुळे शरीरात मंद स्वरूपाचा दाह सतत चालू राहतो. त्या दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक निर्माण करते, आणि हे द्रव्य आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाट अडविते. त्यात मासिक पाळीचा रक्तस्राव, जवळजवळ आलेली बाळंतपणे आणि घरात सर्वांत शेवटी जेवण्याची सवय यांची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आमची मैत्रीण त्या मोठ्या समूहातीलच एक होय.

आता शस्त्रक्रिया का थांबवायची? अन्नातील लोह प्रामुख्याने जठरानंतरच्या आतड्याच्या पहिल्या भागात शोषले जाते, आणि त्यासाठी जठरातील आम्ल लागते. बायपास शस्त्रक्रियेत अन्न हा पहिला भाग टाळून पुढे जाते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा बहुतांश भाग काढला जातो, म्हणून आम्ल कमी होते आणि आहारही थोडा होतो. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर लोह मिळविणे आधीपेक्षा कठीण होणार. रिकाम्या कणगीने उन्हाळ्यात शिरण्यासारखेच ते. शिवाय रक्त कमी असताना भूल देणे व जखम भरणे यांतील धोका वाढतो आणि रक्त चढविण्याची वेळ येऊ शकते.

केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. स्त्रियांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली ते गेले की रक्तक्षय मानतात. पण साठा त्याआधीच संपलेला असू शकतो. साठा फेरिटिन तपासणीत कळतो, आणि ते ३० च्या खाली असल्यास लोहाची कमतरता समजतात. मात्र दाह असताना फेरिटिन उगाचच वाढलेले दिसते. म्हणून लठ्ठ व्यक्तीत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहावे लागते. ते २० टक्क्यांहून कमी असेल, तर फेरिटिन बरे दिसले तरी लोह कमीच असू शकते. लोह कमी का झाले, हेही शोधावे लागते. पाळीत फार रक्त जाते काय, मूळव्याध आहे काय, जठरात व्रण आहे काय? पुरुषांच्या बाबतीत तर पोटातून होणारा रक्तस्राव आधी तपासावा.

उपाय साधा असला तरी वेळ घेतो. गोळ्यांनी हिमोग्लोबिन काही आठवड्यांत चढते. साठा भरण्यास तीनेक महिने लागतात. गोळी दिवसातून एकदा, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने एक दिवसाआड घेतली तरी चालते. उलट ती अधिक चांगली शोषली जाते, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास दूर ठेवावी. शौच काळी होते. त्याला घाबरून गोळी बंद करू नये. पोटाला न सोसल्यास किंवा वेळ थोडा असल्यास शिरेतून लोह देतात. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी प्रतिबंधासाठी असते. तेवढ्यावर हा आजार बरा होत नाही.

आहारात अंबाडी, हळीव, डाळी यांवर लिंबू पिळावे. लोखंडी तव्याचा व कढईचा वापर ठेवावा. मांसाहार करणाऱ्या घरांत काळीज आणि रक्ती यांतील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा सहज अंगी लागते. हे पदार्थ सांगताना आपली माणसे अजूनही आवाज खाली आणतात, तसे करण्याचे कारण नाही. परंतु संपलेला साठा केवळ आहाराने शस्त्रक्रियेपूर्वी भरून येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

एक गोष्ट आपल्या विदर्भासाठी विशेष. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. आदिवासी समाजाबरोबर आपल्या बौद्ध कुटुंबांतही हा दोष आढळतो. प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे आलेला रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही, आणि गरज नसता वर्षानुवर्षे घेतलेले लोह शरीरात साचू शकते. सिकलसेलच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी पाणी किंवा प्राणवायू कमी पडल्यास तीव्र त्रास उद्भवतो. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असलेच पाहिजे. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे व सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची तपासणी होते. तपासणीचे कार्ड घरात असेल तर ते फाइलमध्ये लावावे. नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तपासून घ्यावे.

आमच्या मैत्रिणीची ही तपासणी निर्दोष निघाली. पाळीतील अतिस्राव हेच तिचे कारण होते. त्यावर उपचार झाले, शिरेतून लोह देण्यात आले. नवी तारीख मिळाल्याचा तिचा फोन आला, तेव्हा तिने आधी फेरिटिनचा आकडा सांगितला आणि मग तारीख.