गंगा तलावाचे पाणी

दारव्ह्याच्या मे महिन्यातून सुटून आम्ही मॉरिशसला गेलो आणि आईने बरोबर घेतलेले स्वेटर कामी आले! आपल्या उन्हाळ्यात तिकडे थंडी लागते.

तेथे 'ग्राँ बासँ' हे ज्वालामुखीच्या मुखातले सरोवर आहे. १९७२ साली त्यात भारतातून आणलेले गंगाजल ओतले गेले आणि ते 'गंगा तलाव' झाले. महाशिवरात्रीला लोक खांद्यावर कावडी घेऊन मैलोगणती चालत येतात.

"थोड्याशा पाण्यानं सगळा तलाव गंगा कसा होईल, बाबा?" चिरंजीवांनी विचारले. मी 'प्रतीक' या शब्दावर व्याख्यान सुरू करणार, तोच आई म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांच्या तोंडात घातलं तेव्हा गडूतला एकच थेंब होता. बाकी आपल्या विहिरीचंच पाणी."

यावर कोण काय बोलणार?

१८३४ पासून ऊसमळ्यांसाठी मजूर तेथे नेले गेले; त्यांत मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्या काळच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे आपल्याकडचे शास्त्रीपंडित तेव्हा सांगत होते. या माणसांनी तो ओलांडला आणि गणपतीही सोडला नाही. आज त्यांच्या कित्येक घरांत क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. मला तरी यांची श्रद्धा त्या पंडितांच्या धर्मापेक्षा अधिक सोशिक वाटते.

आईने निघताना तलावाचे पाणी बाटलीत भरून घेतले. देवघरात ती बाटली काशीच्या गडूशेजारी ठेवायची की खालच्या फळीवर, हे मात्र अजून ठरलेले नाही.