पट्ट्याच्या पोटातला सांगाडा

गुलमर्गला स्नोमोबिलवर चक्कर मारली असेल, तर तिच्या मागच्या भागात काय दिसलं ते आठवून पाहा. रबराचा एक रुंद पट्टा गरागरा फिरत होता, बस. मोटरसायकलचे शॉकॲब्सॉर्बर उघड्यावर असतात, ट्रकखाली डोकावलं की पाटे दिसतात. इथे मात्र मागचं अख्खं सस्पेन्शन त्या फिरत्या पट्ट्याच्या पोटात दडलेलं! बाहेरून पट्टा धावतोय आणि त्याच वेळी आतला सांगाडा धक्के झेलत खालीवर होतोय. मग ही दोन कामं एकमेकांच्या आड येत कशी नाहीत?

हे समजून घ्यायचं तर एखादी जुनी गाडी उघडावी. नव्वदच्या दशकातली पोलारिस इंडी घेऊ. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझो गावच्या कंपनीची ही गाडी. तिचं थकलेलं सस्पेन्शन काढून नव्या पद्धतीचं, जास्त खोल दबणारं बसवणं हा तिकडच्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग आहे.

एवढा मोठा सांगाडा गाडीला किती बोल्टांनी धरलेला असेल? फक्त चार! दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पण त्यांत एक खोच आहे. समोरासमोरचे दोन बोल्ट एकाच आडव्या दांड्याच्या दोन टोकांत आवळलेले असतात. एक पूर्ण काढून मोकळे झालात की दुसऱ्याला पाना लावल्यावर आतला दांडाच त्याच्याबरोबर फिरत राहतो. म्हणून आधी दोन्ही बाजू जराजरा ढिल्या करायच्या. मागचा आस सैल करून पट्ट्याचा ताण उतरवायचा, गाडी कुशीवर आडवी करायची आणि सांगाडा पट्ट्यातून बाहेर ओढायचा.

आता तो समोर जमिनीवर आहे. ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे पुढचा आणि मागचा असे दोन हात, दोन शॉकॲब्सॉर्बर, जाड पिळाच्या स्प्रिंगा. आणि चाकं? आहेत, पण थोडीच. गाडीचा बराचसा भार चाकांवर नसतोच मुळी! तो असतो ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली सरकवलेल्या प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्यांवर. रबरी पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूचे चाप असतात, ते या प्लॅस्टिकवर घासत जातात.

घासत? चाकं सोडून घासणं पत्करायचं? 1959 साली क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांची पहिली स्की-डू स्नोमोबिल बाजारात आली, तेव्हा पट्ट्याच्या आत स्प्रिंगांवर बसवलेली छोटी चाकंच होती. सत्तरच्या दशकात घसरपट्ट्या रूढ झाल्या आणि चाकं मागे पडली. कारण बर्फ! पट्ट्यातून आत उडणारा बर्फ वितळतो आणि त्याचं पाणी वंगणाचं काम करतं, शिवाय प्लॅस्टिक थंडही ठेवतं. गाडी ताशी 100 किलोमीटरने पळते, तेव्हा धातू या प्लॅस्टिकवरून नेमक्या त्याच वेगाने घासत असतो. हीच गाडी डांबरी रस्त्यावर किंवा कडक, कोरड्या बर्फावर दामटली, की घसरपट्ट्या तापून चक्क वितळायला लागतात. आणि हे प्लॅस्टिक तरी कुठलं? अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिन. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातली वाटी याच जातीच्या प्लॅस्टिकची करतात!

पण खरी करामत भूमितीची आहे. पट्टा 121 इंचांचा, म्हणजे तीन मीटरहून थोडा अधिक, आणि तो रबरबँडसारखा ताणला जात नाही. नाड्याचं कडं करून दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून धरा. आता एक बोट आत घ्या. नाडा लगेच लोंबायला लागतो, आणि ताण टिकवायचा तर दुसऱ्या बोटाला बाहेर सरकावंच लागतं. खड्ड्यात आदळून सांगाडा वीस-पंचवीस सेंटिमीटर वर दबतो, तेव्हा पट्ट्याचा आकार पार बदलतो, तरी घेर जवळपास तेवढाच राहायला हवा. घेर वाढला तर पट्टा आवळेल, कमी झाला तर पट्टा सैल पडून त्याला फिरवणाऱ्या चाकाचे दात सोडून उड्या मारेल. हे सगळं सांभाळतात ते दोन हात, आपापल्या लांबीने आणि आपापल्या वळणाने. ना संगणक, ना सेन्सर!

म्हणूनच दुसऱ्या गाडीचा सांगाडा बसवताना बोल्टांसाठी नवी भोकं कुठे पाडायची, यावर सगळा खेळ असतो. जाणकार आधी स्प्रिंगा काढून ठेवतात. नुसता सांगाडा लावून हाताने पूर्ण वर दाबतात, पट्टा कुठे वर गाडीच्या पत्र्याला टेकतोय का, कुठे आवळतोय का ते बघतात. ड्रिल हातात घ्यायचं ते त्यानंतर.

एक भाग मात्र पाहिल्यावर हसूच येतं. एवढ्या धातूच्या पसाऱ्यात पुढच्या हाताला एक कापडी पट्टी बांधलेली असते, कारमधल्या सीटबेल्टच्या जातीची. पुढचा हात किती खाली सुटायचा, ते ही पट्टी ठरवते. जोरात ॲक्सिलरेटर दिला की भार मागे जातो, पुढच्या स्की हलक्या होतात आणि हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते. मग काय करायचं? पट्टी एक भोक आखूड करायची. पुढचा हात खाली कमी सुटतो, स्कींवर वजन येतं आणि गाडी वळायला लागते. मागच्या कापडी पट्टीतलं एक भोक पुढचं वळण बदलतं!

सगळं बसलं की गाडीचं मागचं अंग टांगून पट्टा हळूहळू फिरवायचा आणि दोन्ही घसरपट्ट्यांपासून त्याच्यातल्या खिडक्यांसारख्या भोकांचं अंतर सारखं आहे का ते मागून पाहायचं. एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा ताणाचा बोल्ट पाव फेरा आवळायचा. पट्टा दुसरीकडे सरकू लागतो. थोडं चालवून आल्यावर तेच पुन्हा तपासायचं, कारण पट्टा नवा असेल तर सुरुवातीला थोडा सैल पडतोच.